कच्च्या विटांच्या चौदा खोल्या

लग्नानंतर दीड वर्षातच माझे यजमान विषमज्वराने गेले आणि मी कर्जतला भावाकडे परत आले. भाऊ रेल्वेत नोकरीला होता. त्याने मला पुढे शिकवलं. वहिनीने माझ्या वाटणीचं काम स्वतःच्या अंगावर घेऊन मला अभ्यासाला बसू दिलं. मराठी सातवीची, म्हणजे फायनलची परीक्षा पास झाले तरी मला नोकरी लागेल असं घरात कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. पण दुसऱ्या महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी नेमणुकीचं पत्र आलं. खालापूरच्या पलीकडे पाताळगंगेच्या काठी एक गाव आहे, तिथल्या शाळेत मुलींच्या वर्गावर मला घेतलं होतं.

शाळा गावाच्या वरच्या अंगाला होती. दगडी जोतं, कौलारू छप्पर, दोन खोल्या आणि पुढे लांब पडवी. एका खोलीत हेडमास्तर मुलांना शिकवत, दुसरीत मी मुलींना. हेडमास्तर पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ होते. मी राहायला एका शेतकऱ्याच्या घराच्या मागच्या खोलीत होते. भाताचं गाव. पावसाळ्यात सगळीकडे पाणी आणि हिरवं, उन्हाळ्यात सगळीकडे भेगाळलेली जमीन.

पहिल्याच पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की काही मुली सकाळी केसांत माती घेऊन येतात. एकीला मी रागावले, डोकं धुऊन येत जा म्हटलं. ती म्हणाली, धुतलं होतं, पण निजल्यावर भिंत अंगावर गळते. मला ते कळेना. कौलं गळतात, पत्रा गळतो, भिंत कशी गळेल? शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले.

नदी जिथे वळण घेते तिथे, वळणाच्या पोटात, पत्र्याच्या छपराखाली चौदा खोल्यांची एक ओळ होती. गावात तिला खालची वाडी म्हणत. तिथल्या माणसांना स्वतःची जमीन नव्हती. पावसाळ्यात ती दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जात, उन्हाळ्यात खाणीवर दगड फोडत. पूर्वी ती वरच्या माळावर राहत होती, कारवीच्या कुडाच्या आणि पेंढ्याने शाकारलेल्या घरांत. लढाई आली तेव्हा मुंबई-पुणे रस्त्यावरून जाणाऱ्या लष्करी गाड्या उभ्या करायला सरकारला जागा हवी झाली. सरकारने माळ घेतला, भोवती तारेचं कुंपण घातलं, आणि या माणसांना लढाई संपेपर्यंत खाली राहा म्हणून सांगितलं.

नुसतं सांगितलं असतं तरी बरं झालं असतं. त्यांनी खाली आपले कुड उभे केले असते. पण कुणा साहेबाला झोपड्या दिसायला बऱ्या वाटेनात, म्हणून सरकारने घरं बांधून द्यायचं ठरवलं. ठेकेदार आला. नदीकाठचीच माती, नदीकाठचाच चिखल, साच्यातून काढलेल्या विटा उन्हात वाळवल्या आणि भट्टी न लावताच रचल्या. खाली जोतं घातलं नाही. वर जुने पत्रे टाकले. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला होता म्हणे, की भाजायला वेळ नाही, आणि दोन-चार वर्षांकरता भाजायची गरजही नाही.

त्या दिवशी मी भिंतीला हात लावला, तर बोटांना ओली माती आली.

शेवटच्या खोलीत, नदीच्या अगदी तोंडाशी, एक बाई राहत असे. वय पंचेचाळीसच्या आसपास, काटक अंग, बोलणं कमी. पंचक्रोशीतली बाळंतपणं तीच करायची. वरच्या आळीतल्या घरांतही तिला बोलावणं यायचं, जरी एरवी तिला त्या घरांच्या ओटीपुढे जाऊ देत नसत. तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ होता. खाणीत त्याच्या पायावर शिळा आली होती आणि गुडघ्याखालचा पाय निकामी झाला होता. तो दारात बसून घायपाताचे दोर वळत असे. दोर चांगले असत. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी बैलांसाठी त्याच्याकडूनच दोर न्यायचे. तिला सगळे मावशी म्हणत, मीही म्हणू लागले.

मी भिंत निरखते आहे हे पाहून ती म्हणाली, "कुडाचं घर अंगावर पडलं तर मानूस झटकून उठतंय. ही भिंत पडली तर उठायचा नाय."

आठ दिवसांनी ती शाळेत आली. बरोबर वाडीतली चार माणसं. त्यांना अर्ज लिहून हवा होता. तलाठ्याला तोंडी सांगून झालं होतं, पोलीस पाटलाला सांगून झालं होतं. कागद लागतो असं दोघांनीही सांगितलं होतं.

मी अर्ज लिहिला. त्यानंतर चार वर्षांत किती लिहिले ते मोजले नाहीत. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्यानंतर तलाठी आला, त्याने साखळीने ओळीची लांबी-रुंदी मोजली, भिंतीत काडी खुपसून पाहिली आणि वीट कच्ची दिसते असं स्वतःच म्हणाला. पण कागदावर फक्त लांबी-रुंदी गेली. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं, की सदर जागेचा विषय लष्करी खात्याकडे असल्याने या कचेरीस काही करता येत नाही. आम्ही लष्करी खात्याला लिहिलं. तो लिफाफा दोन महिन्यांनी पत्ता अपुरा असा शेरा घेऊन परत आला. पुरा पत्ता कुणाला विचारायचा, ते कुणालाच माहीत नव्हतं.

दरवर्षी पावसाळ्याआधी वाडीतली माणसं भिंतींना शेण-माती लिंपत, नदीच्या बाजूला दगड रचत, आणि पावसाळ्यात ते सगळं पुन्हा विरघळून जाई.

मग लढाई संपली. गाड्या गेल्या. काही महिने माळावर एक पहारेकरी होता, मग तोही गेला. कुंपण मात्र राहिलं. आत कमरेएवढं गवत वाढलं. ते कापायलाही कुणाला परवानगी नव्हती. आम्ही लिहिलं की लढाई संपली आहे, जागा परत मिळावी. उत्तर आलं की जागा अद्याप सोडण्यात आलेली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक साहेब स्वतः पाहायला आले. जीपगाडीने आले, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, वाकून खोल्यांत डोकावले. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. मावशीने दिलेलं पाणी त्यांनी तिच्याच तांब्यातून प्यायलं, जे आमच्या गावातल्या कित्येकांनी केलं नसतं. भावाजवळ उकिडवे बसून त्यांनी पायाचं विचारलं. इथे माणसं राहणं बरोबर नाही, पावसाळ्याआधी मी यात लक्ष घालतो, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. वाडीत त्या दिवशी सणासारखं वातावरण होतं. ज्येष्ठ लागला तेव्हा कळलं की त्यांची बदली झाली आहे. नव्या साहेबांना कागद पहिल्यापासून वाचायचे होते.

तेव्हा मावशी म्हणाली, आता आपलं आपणच बघायचं.

तिने नदीकाठच्या उतारावर तीन खुंट्या ठोकल्या, एकीच्या वर एक. पाणी पहिल्या खुंटीला लागलं की धान्य आणि कपडे बांधून ठेवायचे. दुसरीला लागलं की लेकरं, म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि तिचा भाऊ यांना वर न्यायचं. तिसरीला लागलं की कुणीही खोलीत थांबायचं नाही. कुणी कुणाला उचलायचं तेही ठरलं. भावाला न्यायला दोन तगडे गडी नेमले होते. त्याने स्वतः दोरांची एक झोळी वळून ठेवली, बांबूला अडकवून माणूस नेता येईल अशी. तिची तालीमही झाली. भर उन्हात त्याला झोळीत घालून शाळेपर्यंत आणलं, तेव्हा तो हसत होता आणि पोरं मागून पळत होती.

शाळेपर्यंत आणलं, कारण जवळची उंच आणि पक्की जागा तीच होती. पण तिथे एक अडचण होती. आदल्या वर्षी पूर आला होता तेव्हा हेडमास्तरांनी वाडीतल्या लोकांना एक दिवस शाळेत बसू दिलं होतं. कुणीतरी ते वर कळवलं. स्कूल बोर्डाच्या ऑफिसातून मेमो आला, की शाळेची इमारत शिक्षणाखेरीज अन्य कामासाठी वापरल्यास संबंधितांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल. हेडमास्तरांनी तो मेमो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. खडू काढायला कपाट उघडलं की तो समोर येई. पुरापुरती तरी परवानगी द्यावी असं मी बोर्डाला लिहिलं होतं. विषय विचाराधीन आहे, एवढं उत्तर आलं होतं.

नागपंचमीची सुट्टी होती. हेडमास्तर सणासाठी आपल्या गावी गेले होते, संध्याकाळी येणार होते, आणि शाळेची किल्ली माझ्याकडे होती. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. घाटाकडे पाहिलं तर डोंगर दिसतच नव्हते. मी दिंडं करायला पुरण शिजवलं होतं आणि कणीक मळत होते.

अकराच्या सुमारास मावशी आली. डोक्यावर इरलं होतं, तरी पार भिजली होती. ती ओटीखालीच उभी राहिली.

"दुसऱ्या खुंटीला पानी लागलं, बाई. किल्ली द्या."

मी काय म्हणाले ते मला शब्दाशब्दाने आठवतं. मी म्हटलं, "मावशी, हेडमास्तर संध्याकाळी येतायत. तोवर बघू. कदाचित पाणी उतरेल."

तिने वाद घातला नाही. विनवलंही नाही. माझ्या हाताकडे पाहिलं, कणकेने भरलेल्या, आणि "बरं" म्हणून गेली.

मी परत कणीक मळायला बसले. त्या वेळी मनात काय होतं ते सांगणं सोपं नाही, पण सांगते. कपाटाच्या दारावरचा तो कागद मनात होता. व्यक्तिशः हा शब्द होता. नोकरी गेली तर पुन्हा भावाच्या दारात जाऊन उभं राहायचं, वहिनीने काहीही न बोलता आणखी एक ताट मांडायचं, हे डोळ्यांपुढे होतं. पाणी खरोखरच उतरेल असंही वाटत होतं, किंवा तसं वाटून घेणं सोयीचं होतं. वाडीतली माणसं गेली चार वर्षं काढतायत, आणखी सहा तास काढतील. मी चार वर्षं ज्या कचेऱ्यांना मनातल्या मनात बोल लावत होते, त्यांच्यासारखाच विचार मी करत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

अर्धा तास गेला असेल. मी पाणी टाकायला मागच्या दारी आले आणि नदी दिसली. एरवी तिथून नदी दिसत नसे, झाडं आड येत. आता झाडांच्या बुंध्यांमधून लालसर पाणी सरकत होतं. मी हात तसेच पदराला पुसले, किल्ली घेतली आणि पळत सुटले.

शाळेच्या पडवीत वाडीतली निम्मी माणसं आधीच येऊन उभी होती. लेकरं, म्हाताऱ्या, शेळ्या. पण पडवीत पाऊस आडवा येत होता. ओळीतल्या एका तरुण बाईला सकाळपासून कळा सुरू झाल्या होत्या. अशा पावसात तिला उघड्यावर आणून ठेवता येत नव्हतं, म्हणून दार उघडेपर्यंत तिला खालीच ठेवलं होतं. आणि मावशीचा भाऊही खालीच होता. दार उघडं असतं तर त्याला सगळ्यांत आधी आणलं असतं. बंद दारापुढे पांगळ्या माणसाला भिजत कशाला ठेवायचं, अजून वेळ आहे, असं गड्यांनी म्हटलं.

मी कुलूप काढलं. गडी झोळी घेऊन खाली पळाले. पहिल्या खेपेला त्या बाईला आणलं. तिला हेडमास्तरांच्या खोलीत निजवलं आणि ते लगेच परत फिरले. मीही त्यांच्यामागे उतारावर गेले. तिसरी खुंटी दिसत नव्हती. पाणी ओळीच्या पायाला लागलं होतं. फार नव्हतं, घोट्याएवढं. धार नव्हती. कुणी पोहत बाहेर यावं असा तो पूरच नव्हता. शेवटच्या खोलीत चालत जाऊन माणसाला सहज उचलून आणता आलं असतं.

आम्ही वीस-पंचवीस पावलांवर होतो तेव्हा शेवटच्या खोलीची भिंत बसली. पडली असं मी म्हणत नाही. पाण्यात गुळाचा खडा बसावा तशी ती खालून विरघळली आणि खाली बसली, आणि तिच्यावर पत्रे आले. आवाज फारसा झाला नाही. गड्यांनी पत्रे फेकले, हातांनी माती उपसली. मी उपसली, मावशीने उपसली. कच्च्या विटांचा तो चिखल इतका जड होता की बोटं आत जाईनात. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो गेला होता.

त्याला शाळेच्या पडवीत आणून निजवलं. मावशी त्याच्याजवळ बसली, पदराने त्याच्या तोंडावरची माती पुसली. मग आतून त्या बाईचं कण्हणं ऐकू आलं. मावशी थोडा वेळ तशीच बसून राहिली. नंतर उठली, पागोळीखाली हात कोपरापर्यंत धुतले आणि आत गेली. जाताना मला म्हणाली, पाणी तापवा.

मी शाळेच्या मागे, वळचणीखाली, तीन दगडांवर पाणी तापवलं. दुपारी मुलगी झाली. खाली तोवर ओळीतल्या आणखी सहा खोल्या बसल्या होत्या. त्यांत कुणी नव्हतं. खुंट्यांचा नियम सगळ्यांनी पाळला होता. पाळला नव्हता तो मी.

दुसऱ्या दिवशी पाऊस ओसरला, पण नदीकाठचं मसण पाण्याखाली होतं. भावाला न्यायचं कुठे हा प्रश्न पडला. गावात कुणी आपल्या शेतात जागा द्यायला तयार नव्हतं. तेव्हा वाडीतले गडी कोयते घेऊन माळावर गेले आणि त्यांनी तार तोडली. कुणी अडवलं नाही, अडवायला तिथे कुणी नव्हतंच. माळाच्या एका कडेला दहन झालं. ते आटोपल्यावर माणसं खाली उतरली नाहीत. ओली लाकडं, पत्रे, गाठोडी घेऊन तिथेच बसली. चार दिवसांनी मी गेले तर कारवीचे कुड उभे राहायला लागले होते.

हेडमास्तर आले तेव्हा त्यांच्या वर्गात बाळंतीण होती. ते दारातूनच परत फिरले आणि दहा दिवस त्यांनी मुलांना पडवीत शिकवलं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. पण वर कळवणं त्यांना भाग होतं, आणि त्यांनी कळवलं.

तलाठी पंचनाम्याला आला. त्याने लिहिलं, घर पुरात वाहून गेल्याने एक इसम मयत. मावशी म्हणाली, घर वाहून गेलं नाही, भिंत विरघळली, वीट कच्ची होती तसं लिवा. तलाठी माणूस बरा होता. तो म्हणाला, मला ठाऊक आहे, मीच काडी खुपसून पाहिली होती, पण फॉर्मात त्याला रकाना नाही. मग त्याने तिचा अंगठा घेतला.

पंधरा दिवसांनी दोन कागद आले. एक वाडीला, सरकारी जागेत अतिक्रमण केल्याबद्दल. दुसरा मला. कोणाच्या हुकमाने शाळा उघडली, याचा आठ दिवसांत खुलासा करावा.

हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की लोकांनी जबरदस्तीने किल्ली नेली असं लिहा. लोकांना कोण विचारणार आहे, आणि तुमची नोकरी राहील. ते माझ्या भल्यासाठीच सांगत होते. दोन दिवस मी विचार केला. नाही म्हणत नाही, करावंसंही वाटलं.

शेवटी मी लिहिलं ते असं. शाळा मी उघडली. कुणाच्या हुकमाने नाही. मागितली तेव्हा किल्ली दिली नाही, अर्ध्या तासाने दार उघडलं, आणि त्या अर्ध्या तासामुळे एक माणूस कच्च्या विटांच्या सरकारी भिंतीखाली मेला. शाळा उघडल्याबद्दल मला खुलासा करायचा नाही. उशिरा उघडल्याबद्दल जी शिक्षा असेल ती द्यावी.

तो कागद टपालात टाकण्याआधी मी माळावर गेले आणि मावशीला वाचून दाखवला. तिने शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचायला लावली. मग ती म्हणाली, "जाऊ द्या." कागद जाऊ द्या म्हणाली, की झालं ते जाऊ द्या म्हणाली, ते मी विचारलं नाही.

मला शिक्षा झाली नाही. दिवाळीनंतर बदली झाली, नेरळच्या बाजूच्या एका गावी. ती शिक्षा होती की नेहमीची बदली, तेही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या श्रावणात स्वातंत्र्य आलं. आम्ही शाळेत झेंडा लावला, मुलींना साखर वाटली, मी त्यांना गाणं शिकवलं. मला मनापासून आनंद झाला होता. आता कागद वाचणारी माणसं आपली असतील असं वाटत होतं.

आणखी एका वर्षाने, कार्तिकात, भाताची झोडणी चालू असताना मी माळावर गेले. जायचं जायचं म्हणत दोन वर्षं गेली होती. खरं सांगायचं तर पाय उचलत नव्हता. माळावर चौदा घरं होती. कारवीचे कुड, शेणाने सारवलेले, वर नवा पेंढा. त्या वेळी ती माणसं घरांना दगडी जोती बांधत होती, सगळे मिळून एकेका घराचं. त्यांना अतिक्रमणाची नोटीस आणखी एकदा आली होती, स्वातंत्र्यानंतर. मावशीने ती मला दाखवायला आणली. फॉर्म जुनाच होता, वरच्या मुकुटावर शाईने काट मारलेली होती. खाली अक्षरही त्याच कारकुनाचं होतं.

मावशी थकली होती, पण चालतीफिरती होती. शाळेत जन्मलेली ती मुलगी आता दोन वर्षांची झाली होती आणि तिच्याच मागेमागे फिरत होती. मावशीने मला तांदळाची भाकरी, सुकट आणि भात वाढला. जेवताना मी तो विषय काढला. म्हटलं, मावशी, मला तो अर्धा तास विसरता येत नाही.

तिने मुलीला मांडीवर घेतलं. मग म्हणाली की तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे. गडी पहिल्या खेपेला खाली गेले तेव्हा झोळी घेऊन ते आधी तिच्या भावाकडेच गेले होते. ठरलं होतंच तसं. त्यानेच त्यांना परत पाठवलं. शेजारच्या खोलीतली बाई कळा देते आहे, तिला आधी न्या, मी बसतो, असं म्हणाला. हे गड्यांनी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं.

मी विचारलं, "मग तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी तो कागद लिवीत होता," ती म्हणाली. "सांगितलं आसतं तर तुमाला हलकं वाटलं आसतं, आन कागद तसा लिवला नसता. आमच्या मान्साचं काय झालं ते खरं लिवलेला तेवडा एकच कागद हाय."

मी म्हटलं, तरीपण दार आधी उघडलं असतं तर दोघंही वर आली असती.

"आली आसती," ती म्हणाली. "तुमी उशीर केला, ह्ये खरं हाय. पन ती वीट तुमी घातली नवती."

तिने आणखी भात घेणार का म्हणून विचारलं. मी घेतला.

बाहेर गडी दगड उचलत होते. संध्याकाळच्या गाडीला अवकाश होता. मी पदर खोचला आणि बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिले. खाणीतून फुटके दगड आणून ठेवले होते, ते हातोहात जोत्यापर्यंत द्यायचे होते. माझ्या हाताला दगडाची सवय नव्हती. पुढची बाई मला लहान लहान निवडून देत होती, ते थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं. जोतं गुडघ्याएवढं झालं तेव्हा मी निघाले.

ती जागा पुढे वाडीच्या नावावर झाली, पण बऱ्याच वर्षांनी, मावशी गेल्यानंतर. मधल्या काळात पाताळगंगेला अनेक पूर आले. नदीच्या वळणात पत्र्याचे दोन-चार तुकडे आणि मातीचे उंचवटे तेवढे राहिले होते, तेही पुढे शेतात मिसळून गेले. माळावर पाणी कधी चढलं नाही.